ट्रेंच गन घेण्याआधी : जुन्या अमेरिकी लष्करी शॉटगन जमवू पाहणाऱ्यांसाठी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि लष्करी इतिहासाची ओढ असलेल्या मराठी मंडळींची सुरुवात बहुधा एम-वन गॅरंड रायफलपासून होते. शॉटगनकडे वळणारे थोडे, आणि त्यातले बरेच जण पहिल्याच खरेदीत फसतात. कारण साधं आहे. गॅरंड मुळात लष्करासाठीच घडवलेली रायफल. शॉटगनचं तसं नाही. बदकं आणि ससे मारायला बाजारात मिळणारी बारा बोअरची बंदूक लष्कराने उचलली, तिची नळी २० इंचांवर आणली, नळीवर भोकं पाडलेला पत्रा आणि संगीन लावायची कडी बसवली, दोन-तीन शिक्के मारले आणि सैनिकाच्या हातात दिली. म्हणजे अस्सल लष्करी बंदूक आणि शिकारीची बंदूक यांच्यात फरक उरतो तो चार-पाच खुणांचा. किमतीतला फरक मात्र कित्येक पटींचा. तो पत्रा आज नवाकोरा बनवून मिळतो, शिक्केही मिळतात. म्हणून या छंदात बंदूक वाचता येणं हे पैशापेक्षा मोठं भांडवल आहे, आणि हा लेख मुख्यतः त्यासाठीच लिहिला आहे.

पुढचं सगळं अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे. भारताबद्दल दोन महत्त्वाच्या गोष्टी शेवटच्या पायरीत सांगितल्या आहेत, त्या वगळू नका.

१. आधी स्वतःचा दर्जा तपासा

बंदुकीचे फोटो बघण्याआधी स्वतःचा व्हिसा बघा. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत आलेल्या माणसाला संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं विकत घेता येत नाहीत आणि जवळही बाळगता येत नाहीत. अपवाद आहेत. त्यातला नेहमी वापरला जाणारा अपवाद म्हणजे कोणत्याही राज्याचा, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. हा नियम फक्त खरेदीपुरता आहे असं अनेकांना वाटतं. तसं नाही. शूटिंग रेंजवर मित्राची बंदूक हातात घेऊन दोन बार काढणं हासुद्धा ताबाच धरला जातो. अमेरिकेतल्या तुमच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा प्रश्न आहे, तेव्हा या बाबतीत रेंजवरच्या ओळखीच्या माणसाचं नव्हे, इमिग्रेशन आणि शस्त्र कायदा दोन्ही जाणणाऱ्या वकिलाचं ऐका. त्याचं मत लेखी घ्या.

ग्रीन कार्डधारकाला संघीय कायदा नागरिकाप्रमाणेच वागवतो. पण घरात एकाकडे ग्रीन कार्ड आणि जोडीदार अजून तात्पुरत्या व्हिसावर, अशी स्थिती आपल्याकडे नेहमी असते. अशा वेळी तिजोरीची किल्ली किंवा आकडे कोणाकडे आहेत याला कायदेशीर अर्थ असतो. हेही त्याच वकिलाला विचारा.

त्यानंतर राज्य. न्यू जर्सीत आधी पोलिसांकडून खरेदीदाराचं ओळखपत्र काढावं लागतं, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड (बंदूक बाळगणाऱ्याचं ओळखपत्र) लागतं, कॅलिफोर्नियात सुरक्षा चाचणीचं प्रमाणपत्र आणि खरेदीनंतर दहा दिवस थांबणं. टेक्साससारख्या राज्यात यातलं काहीच नाही. राज्य बदललंत तर नियम पुन्हा पहिल्यापासून वाचा. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो : तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी संघीय कायद्यात तो तसा नाही, आणि खरेदीच्या फॉर्मवर त्याबद्दल थेट प्रश्न असतो. त्या फॉर्मवर खोटं लिहिणं हा गंभीर गुन्हा आहे.

२. घराणी ओळखा

सगळं एकदम जमवायला जाऊ नका. आधी कोणत्या काळाचं आणि कोणत्या प्रकारचं आवडतं ते ठरवा. तीन शब्द कायम कानावर पडतील. ट्रेंच गन म्हणजे २० इंची नळी, वर जाळीदार पत्रा आणि पुढे संगिनीची कडी. रायट गन म्हणजे तशीच आखूड नळी, पण पत्रा आणि कडी नाही. ती पहारेकऱ्यांना, लष्करी पोलिसांना दिली जायची. ट्रेनिंग गन म्हणजे लांब नळीची, शिकारीच्या बंदुकीसारखीच दिसणारी. दुसऱ्या महायुद्धात विमानातल्या तोफचींना उडत्या लक्ष्याच्या किती पुढे नेम धरायचा हे शिकवण्यासाठी या ट्रेनिंग गन मोठ्या संख्येने वापरल्या गेल्या.

या छंदाचं दैवत म्हणजे विंचेस्टर मॉडेल १८९७. जॉन ब्राउनिंगने तिची रचना केली आणि ती १९५७ पर्यंत बनत होती. हॅमर बाहेर दिसतो, पुढची लाकडी मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायचं. नळीखालच्या मॅगझिनमध्ये पाच आणि नळीत एक. १९१७-१८ मध्ये ती फ्रान्सच्या खंदकांत गेली. तिचं नेहमीचं लष्करी काडतूस म्हणजे डबल-झीरो बकशॉट : साधारण ८.४ मिलिमीटर व्यासाचे नऊ छर्रे एका बारात. जुलै १९१८ मध्ये अशी बंदूक असलेला अमेरिकी सैनिक जर्मनांच्या हाती लागला. १९ सप्टेंबर १९१८ ला जर्मनीने राजनैतिक मार्गाने निषेध नोंदवला : १९०७ च्या हेग नियमांतल्या २३(ई) कलमानुसार हे अनावश्यक यातना देणारं शस्त्र आहे आणि ते किंवा त्याची काडतुसं ज्याच्याजवळ सापडतील त्या कैद्याला प्राणाला मुकावं लागेल. परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लान्सिंग यांनी तो निषेध फेटाळला आणि कैद्यांना हात लावलात तर आम्हीही गप्प बसणार नाही असं कळवलं. स्वतः विषारी वायू वापरणाऱ्या सैन्याने छर्ऱ्यांबद्दल तक्रार करावी यातून त्या खंदकांतल्या लढाईचं स्वरूप कळतं. पहिल्या महायुद्धातल्या अस्सल ट्रेंच गनची किंमत आज इतकी का आहे, याचं अर्धं उत्तर या घटनेत आहे.

त्याच युद्धात रेमिंग्टन मॉडेल १० ही वापरली गेली. तिच्या नळीवर जाळीदार पत्र्याऐवजी लाकडी हँडगार्ड असतो आणि नळी २३ इंची. फार थोड्या बनल्या, त्याहून थोड्या उरल्या. नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

दुसऱ्या महायुद्धात यादी वाढते. विंचेस्टर १८९७ पुन्हा आली, तिच्याबरोबर मॉडेल १२ आली. हिचा हॅमर आत दडलेला. स्टीव्हन्स ५२०-३० आणि ६२०ए याही ट्रेंच आणि रायट अशा दोन्ही रूपांत मिळतात. ५२०-३० च्या रिसीव्हरच्या, म्हणजे यंत्रणा ज्यात बसते त्या मधल्या लोखंडी भागाच्या, पाठीवर मागच्या बाजूला दुहेरी उंचवटा दिसतो, तो एकदा पाहिला की विसरत नाही. इथाका मॉडेल ३७ ची ट्रेंच गन जेमतेम दीड हजारांच्या आत बनली. बाजारात दिसणाऱ्या "इथाका ट्रेंच गन"कडे आधी संशयानेच बघा. रेमिंग्टन मॉडेल ११ आणि सॅव्हेज ७२० या आपोआप काडतूस भरणाऱ्या बंदुका रायट आणि ट्रेनिंग रूपात भेटतात.

व्हिएतनामच्या काळातली स्टीव्हन्स ७७ई अजूनही बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. दक्षिण व्हिएतनामी सैनिकांच्या अंगकाठीला साजेसा आखूड दस्ता, मागे रबराची गादी. विंचेस्टर १२०० ची ट्रेंच गनही त्याच काळातली, आणि तिलाही संगीन लागते ती १९१७ चीच.

माझं मत विचाराल तर पहिली बंदूक म्हणून स्टीव्हन्सची रायट गन किंवा शिक्के स्पष्ट असलेली ट्रेनिंग गन घ्या. किंमत आवाक्यात, नकलांचं प्रमाण कमी, आणि खरा शिक्का धातूवर कसा दिसतो हे घरी बसून रोज बघता येतं. नुसती संगीन घेऊन सुरुवात करणंही वाईट नाही. १९१७ च्या संगिनीला १७ इंची पातं आणि लाकडी मुठीवर दोन आडव्या खाचा असतात. पहिल्या महायुद्धात ती रेमिंग्टन आणि विंचेस्टरने बनवली, १९६० च्या दशकात जनरल कटलरीने पुन्हा बनवली. कोणत्या काळाच्या बंदुकीला कोणती संगीन शोभते, याचा अभ्यास तिथूनच सुरू होतो.

३. विकत घेण्याआधी खूप बघा

मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफील्ड आर्मरी आणि वायोमिंगमधलं कोडीचं शस्त्र संग्रहालय ही दोन ठिकाणं या छंदातल्या माणसाने बघायलाच हवीत. कोडीच्या संग्रहालयाकडे विंचेस्टर कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या आहेत आणि फी भरून क्रमांकावरून पत्र मागवता येतं. पण मॉडेल १८९७ च्या तिथल्या नोंदी सुरुवातीच्या क्रमांकांपुरत्याच आहेत. पहिल्या महायुद्धातल्या ट्रेंच गनपर्यंत त्या पोचत नाहीत. "कोडीचं पत्र मागवा, खात्री पटेल" असं ट्रेंच गनबद्दल कोणी सांगत असेल तर त्याला विषय माहीत नाही, असं खुशाल समजा.

संग्रहालयात काचेपलीकडून बघणं वेगळं आणि हातात घेऊन बघणं वेगळं. त्यासाठी गन शो. ओक्लाहोमातल्या टल्साचा मेळा सगळ्यात मोठ्यांपैकी एक मानला जातो. पहिल्या भेटीत पैसे घरी ठेवून जा. टेबलामागे बसलेल्या वयस्कर संग्राहकांशी बोला. बंदुकीला हात लावण्याआधी विचारा, ती उचलल्यावर तोंड कोणाकडेही वळवू नका, अ‍ॅक्शन, म्हणजे काडतूस भरायची यंत्रणा, उघडून रिकामी असल्याची खात्री करा, आणि रिकाम्या बंदुकीचाही चाप परवानगीशिवाय ओढू नका. एवढं पाळणाऱ्या माणसाला ही मंडळी मनापासून शिकवतात. आपला उच्चार वेगळा, चेहरा वेगळा म्हणून संकोच बाळगू नका. विषयाची आस्था दिसली की तासभर गप्पा होतात.

सोबत नेण्याच्या वस्तू :
- लहान पण तीव्र उजेडाची बॅटरी
- दहापट मोठं दाखवणारं भिंग
- इंचांची टेप आणि तीन फुटी लाकडी दांडी
- सुती हातमोजे, मऊ फडकं
- तुलनेसाठी अस्सल बंदुकांचे फोटो फोनमध्ये

४. खरी की सजवलेली? बंदूक अशी वाचा

विकणारा ज्या पत्र्याकडे बोट दाखवतो तो पत्रा सगळ्यात शेवटी बघा. सुरुवात नळीपासून करा.

अ‍ॅक्शन बंद करून लाकडी दांडी तोंडातून आत सोडा, बोल्टला, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या भागाला, टेकली की खूण करा आणि मापा. २० इंचांच्या आसपास यायला हवं. १८ इंचांपेक्षा कमी आलं तर ती बंदूक तशीच टेबलावर ठेवून द्या. १९३४ च्या कायद्यानुसार तेवढ्या आखूड नळीची शॉटगन वेगळ्या नोंदणीशिवाय बाळगणं गुन्हा आहे.

मग नळीवरचा शब्द वाचा. विंचेस्टरच्या नळीवर चोक, म्हणजे नळीचं तोंड किती आवळलेलं आहे ते, कोरलेलं असतं. ट्रेंच गनची नळी सरळ, म्हणून तिच्यावर "सीवायएल" (सिलिंडर, म्हणजे न आवळलेली) हवं. नळी २० इंची आणि शब्द "फुल" (पूर्ण आवळलेली) असेल, तर ती लांब शिकारी नळी करवतीने कापलेली आहे. एका शब्दात निकाल. फक्त याच्या उलट खरं नाही हे ध्यानात ठेवा : विंचेस्टरने पोलिसांना, बँकांना, तुरुंगांना सरळ नळीच्या २० इंची रायट गन विकल्या होत्या. बनावट ट्रेंच गन बहुतेक अशाच बंदुकांवर पत्रा चढवून तयार होतात. म्हणून पुढची खूण.

अस्सल नळीच्या खालच्या बाजूला, पत्रा आणि संगिनीची कडी आवळणारे स्क्रू जिथून जातात तिथे, आडव्या खाचा कापलेल्या असतात. बॅटरी तिरकी धरून पत्र्याच्या कडेतून बघा. मालक तयार असेल तर त्यालाच स्क्रू सैल करायला सांगा. खाच नाही म्हणजे ती नळी कारखान्यातून ट्रेंच गन म्हणून निघालेली नाही. खाच आहे, पण तिच्या आतला धातू पांढरा, चकचकीत आणि बाहेरचा जुना करडा असेल, तर ती परवा-तेरवा कापलेली आहे. नाक जवळ न्या. घरगुती रसायनाने नव्याने काळ्या केलेल्या लोखंडाला एक उग्र वास असतो आणि तो बरेच दिवस राहतो. शंभर वर्षांच्या बंदुकीला तेलाचा, जुन्या लाकडाचा वास यावा, रसायनाचा नाही.

आता शिक्के. "यू. एस." ही अक्षरं आणि ज्वाळा निघणारा बाँबगोळा, ही ऑर्डनन्स, म्हणजे लष्कराच्या शस्त्रास्त्र खात्याची खूण. दुसऱ्या महायुद्धातल्या बंदुकीवर तो गोळा रिसीव्हरवरही हवा आणि नळीवरही. भिंगातून कडा बघा. शिक्का मारून मग बंदूक काळी केली असेल तर अक्षरांच्या आतला आणि बाहेरचा रंग एकसारखा जुना होत जातो. नंतर ठोकलेल्या शिक्क्याभोवती धातू उचललेला दिसतो, काळा थर तडकलेला असतो, अक्षरांच्या तळाशी उजळ धातू चमकतो. विंचेस्टरची स्वतःची चाचणीची खूण, लंबवर्तुळातली "डब्ल्यूपी", नळीवर आणि रिसीव्हरवर दोन्हीकडे असावी.

काळाचा मेळ लावणं ही त्यापुढची पायरी, आणि मला सगळ्यात आवडणारी. पहिल्या महायुद्धातल्या १८९७ ट्रेंच गनची चौकट एकसंध असते आणि पत्र्यावर भोकांच्या सहा ओळी. दुसऱ्या महायुद्धात बंदूक दोन तुकड्यांत सुटणारी झाली आणि १९४२ च्या सुमारास पत्रा चार ओळींवर आला. दुसऱ्या महायुद्धातल्या विंचेस्टरच्या दस्त्यावर "जीएचडी" ही आद्याक्षरं दिसतात, गाय एच. ड्र्यूरी हे त्या काळी स्प्रिंगफील्ड ऑर्डनन्स विभागाचे प्रमुख होते. आता विचार करा : एकसंध चौकट, सहा ओळींचा पत्रा आणि दस्त्यावर ठसठशीत "जीएचडी". दस्ता दुसऱ्या बंदुकीचा आहे, किंवा शिक्का आजचा आहे. विकणारा काहीही सांगो, काळ जुळत नाही.

सुटणाऱ्या बंदुकीत क्रमांक दोन ठिकाणी असतो : रिसीव्हरवर आणि नळीच्या भागावर. दोन्ही जुळायला हवेत. नवखे फक्त रिसीव्हरवरचा वाचतात. मालकाला ती सोडून दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर त्याचा तसा हक्क आहे, आणि पुढच्या टेबलाकडे जाण्याचा तुमचा.

एक गोष्ट उगाच दोष म्हणून मोजू नका. युद्धानंतर पुष्कळ बंदुका सरकारी शस्त्रागारांत दुरुस्त झाल्या, त्यांवर पार्करायझिंगचा करडा, खरखरीत थर चढला, दस्त्यावर शस्त्रागाराची अक्षरं उमटली : "एए" म्हणजे ऑगस्टा, "ओजी" म्हणजे ऑग्डेन, "आरए-पी" म्हणजे रॅरिटन. अशी बंदूक बनावट नसते. तिचा भाव मूळ अवस्थेतल्या बंदुकीपेक्षा कमी असतो, इतकंच. नोकरी जास्त केलेली बंदूक म्हणून मला तरी ती कमी वाटत नाही.

शेवटी पत्रा. आणि त्याबरोबर चिनी नॉरिन्कोची १८९७ ची नक्कल. तिच्यावर तिचं नाव असतं. ते पुसून शिक्के मारलेली बंदूकही बाजारात येऊ शकते. नक्कल म्हणून, नक्कलेच्या भावात घेतली तर रेंजवर नेण्यासाठी ती ठीक आहे.

५. क्युरिओ अँड रेलिक परवाना

खरेदी एकदाच करायची असेल तर याची गरज नाही. संग्रह करायचा असेल तर नक्की काढा. ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपातल्या बंदुका या वर्गात येतात. संग्राहकाचा हा परवाना, टाइप ०३, वयाची २१ वर्षं पूर्ण झालेल्यांना मिळतो. तीन वर्षांची फी ३० डॉलर. एटीएफच्या, म्हणजे शस्त्रांचे नियम सांभाळणाऱ्या संघीय खात्याच्या, ७सीआर या अर्जाची एक प्रत स्थानिक पोलीस प्रमुखाला किंवा शेरीफला पाठवायची असते. ती त्यांच्या परवानगीसाठी नाही, फक्त माहितीसाठी.

फायदा असा की या वर्गातली बंदूक दुसऱ्या राज्यातूनही थेट तुमच्या पत्त्यावर मागवता येते, तुमच्या राज्याचा कायदा आड येत नसेल तर. बदल्यात बांधीव नोंदवही ठेवायची : केव्हा घेतली, कोणाकडून, बनवणारा, मॉडेल, क्रमांक, बोअर. बंदूक आली त्याच दिवशी लिहा. एटीएफला ही वही तपासण्याचा अधिकार आहे.

दोन सापळे. हा परवाना धंद्यासाठी नाही. नफ्यासाठी नियमित खरेदी-विक्री केलीत तर अडचणीत याल. आणि साध्या शिकारी बंदुकीवर नवा पत्रा चढवून तयार केलेली "ट्रेंच गन" मूळ स्वरूपात नसते, त्यामुळे तिला हा परवाना लावता येईल असं धरून चालू नका. नॉरिन्कोची नक्कल तर त्यात बसतच नाही.

६. खरेदीचा दिवस

परवाना नसेल तर डीलरमार्फत. लागणारी कागदपत्रं :
- राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा ओळखपत्र, सध्याच्या पत्त्यासह
- ग्रीन कार्डधारकांना कार्ड आणि त्यावरचा यूएससीआयएस क्रमांक
- राज्यानुसार लागणारं कार्ड किंवा प्रमाणपत्र
- तात्पुरत्या व्हिसावर अपवादातून खरेदी करत असाल तर शिकारीचा परवाना आणि आय-९४

फॉर्म ४४७३, म्हणजे खरेदीचा फॉर्म, भरताना आपली नेहमीची अडचण नावाची. आपलं मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, तिसऱ्यावर गायब. फॉर्मवर कायदेशीर नाव पूर्ण लिहायचं असतं. सगळ्या कागदांवर ते एकसारखं करून घ्या, मगच डीलरकडे जा. पार्श्वभूमी तपासणीचं उत्तर बऱ्याचदा काही मिनिटांत येतं. "डिलेड" आलं तर तो नकार नाही, घाबरू नका.

लिलावात बोलीवर खरेदीदाराचं कमिशन, पाठवणी आणि डीलरची फी चढते. आकडा ठरवताना हे सगळं धरा. चांगल्या लिलावघरातलं वर्णन नीट वाचा. "ट्रेंच गन" आणि "ट्रेंच गनच्या स्वरूपातली" यात हजारो डॉलरचं अंतर असतं. दूरवरच्या विक्रेत्याकडून घेताना चौथ्या पायरीतल्या प्रत्येक खुणेचा फोटो मागवा आणि बघून परत करण्याची मुदत लेखी घ्या.

गोष्टीचे पैसे देऊ नका. "आजोबांनी युद्धातून परत आणली" हे तर नेहमीचंच. शत्रूकडून जिंकलेलं शस्त्र घरी आणायला सैनिकांना परवानगी मिळायची आणि तसे कागद असायचे. अमेरिकी ट्रेंच गन ही सरकारची मालमत्ता होती. ती पुढे लोकांकडे आली ती बहुतेक पोलीस, तुरुंग आणि सरकारी विक्रीच्या वाटेने.

७. पहिला बार काढण्याआधी

गावाकडे शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअर वापरलेल्या वाचकांनीही हा भाग वाचावा, कारण ही बंदूक वेगळी वागते. विंचेस्टर १८९७ आणि मॉडेल १२ मध्ये डिस्कनेक्टर नाही. चाप दाबून धरला आणि मूठ पुढे ढकलली की अ‍ॅक्शन बंद होताक्षणी बार निघतो. खंदकात हाच तिचा गुण होता. रेंजवर मूठ पुढे-मागे करताना बोट चापाबाहेर, चापाच्या कडीवर. सुरुवातीला मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरा.

आधी बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून तपासून घ्या : बोल्ट नीट बंद होतो का, नळीत फुगवटा आहे का, दस्त्याच्या मनगटाला, म्हणजे हात धरायच्या बारीक भागाला, तडा आहे का. २¾ इंची हलकी, शिशाच्या छर्ऱ्यांची काडतुसंच वापरा. तीन इंची मॅग्नम कधीच नको, पोलादी छर्रेही नकोत. ओलाव्याने कागदी काडतुसं फुगायची म्हणून लष्कराने पितळी काडतुसं काढली. ती हाती लागली तर संग्रहात ठेवा, बंदुकीत घालू नका.

८. जतन

काहीही उजळू नका. घासून, पॉलिश करून, नव्याने काळी करून निम्मी किंमत आणि सगळी साक्ष एका दुपारी जाते. पातळ तेलाचा हात, लाकडाला आणि धातूला संग्रहालयात वापरतात तसलं मायक्रोक्रिस्टलाइन मेण, बास. स्क्रूच्या खाचेत तंतोतंत बसणारेच स्क्रूड्रायव्हर घ्या. बिघडलेलं स्क्रूचं डोकं बघून जाणकार लगेच मान हलवतो. तिजोरीत आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. फोमच्या पेटीत बंदूक आणि चामड्याच्या म्यानात संगीन कायमची ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. पत्रा आणि नळी यांच्यामधली जागा विसरली जाते. गंज तिथेच लागतो.

९. भारत, आणि तुमच्यानंतर

ही बंदूक पुण्याच्या घरी नेण्याचा विचार करू नका. अमेरिकेतून शस्त्र बाहेर नेण्याचे नियम एकीकडे, भारताचा शस्त्र कायदा आणि आयातीवरची बंधनं दुसरीकडे. तिकडे परवानाधारकालाही २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोनच शस्त्रं ठेवता येतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. रेंजवर नेलेली पिशवी भारताच्या प्रवासाला कधीही वापरू नका. कप्प्यात विसरलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. रेंजची पिशवी वेगळ्या रंगाची घ्या, तिजोरीशेजारीच ठेवा, घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

घरचा साधा विमा संग्रहातल्या बंदुकांना थोड्याच रकमेपर्यंत धरतो, म्हणून वेगळं कलम जोडून घ्या. प्रत्येक बंदुकीचे फोटो, क्रमांक, खरेदीची पावती आणि "ही अस्सल का आहे" हे चार ओळींत लिहून एका फाइलमध्ये ठेवा. मुलांना या विषयात रस असेलच असं नाही, आणि तुमच्यामागे घाईने आलेला पहिला खरेदीदार सहा ओळींच्या पत्र्याची बंदूक जुन्या शिकारी बंदुकीच्या भावात मागेल. कोणत्या लिलावघराला फोन करायचा, कोणत्या वकिलाला विचारायचं, हे त्याच फाइलच्या पहिल्या पानावर मराठीत लिहा, आणि फाइलची एक प्रत तिजोरीबाहेर ठेवा.